सुपातले दाणे

मोरोगोरो हे गाव टांझानिया देशात, दार-एस-सलामच्या पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, उलुगुरू पर्वताच्या पायथ्याशी वसले आहे. १९८८ सालच्या मार्च महिन्यात आम्ही उभयता तेथे पोहोचलो, तेव्हा ‘मासिका’ म्हणजे मोठा पावसाळा नुकताच सुरू झाला होता. आमच्यापैकी एकाला तेथील कापडगिरणीत हिशेबनिसाची जागा मिळाली होती. दुसरीने वसईच्या शाळेतील नोकरी सोडली होती. भाड्याचे घर पत्र्याच्या छपराचे होते आणि दारात आंब्याचे झाड होते. वसईच्या माणसाला परमुलखात आंब्याचे झाड दिसले की निम्मा परकेपणा ओसरतो. उरलेला निम्मा भाषेचा असतो.

आम्ही सामान उतरवीत होतो, तोच शेजारच्या अंगणातून एक उंच, सावकाश चालीची बाई आली. तिने काहीतरी विचारले. गाडीच्या चालकाने मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला, “तुम्हांला कोणाची आई म्हणून हाक मारायची, असे म्वालिमु विचारतात.” ‘म्वालिमु’ म्हणजे शिक्षक. तेथे विवाहित स्त्रीला तिच्या पहिल्या अपत्याच्या नावाने ओळखतात. आमच्याकडेही गावात अमक्याची आई म्हणतातच. पण तेथे ती नुसती ओळख नव्हे, तर हाक मारण्याची रीतच आहे.

प्रवासात एका पुस्तिकेतून आम्ही काही वाक्ये पाठ केली होती. त्यांतले एक उपयोगी पडले. “हातुना वातोतो,” आम्ही म्हणालो. आम्हांला मुले नाहीत.

ती क्षणभर थांबली. मग विद्यार्थ्याची वही तपासावी तशा स्वरात, एकेक अक्षर सुटे करीत म्हणाली, “हातुजापाता.” आम्ही मान डोलावली. तिचे समाधान झाले नाही. आमच्या तोंडून तो शब्द वदवून घेतल्यावरच ती गेली.

आम्हांला हे रुचले नाही. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. वसईत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कोणीतरी मावशी किंवा आत्या कानाशी लागून “काही विशेष?” असे विचारीच. नोव्हेना झाल्या होत्या, मतमाउलीला मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. खरे सांगायचे तर आफ्रिकेतील नोकरी आम्ही पगारासाठी जेवढी पत्करली, तेवढीच या प्रश्नापासून दूर जाण्यासाठी. समुद्र ओलांडून आलो, तर पहिल्याच तासाला प्रश्न दारात उभा! वर उत्तरही चुकीचे ठरले.

त्या रात्री शब्दकोश उघडला. ‘ह’च्या पानांवर ‘हातुजापाता’ नव्हता. ‘हातुजा’ नव्हता, ‘हातु’ही नव्हता. कोश सदोष आहे, असे ठरवून आम्ही झोपलो. दोष कोशाचा नव्हता. तो शब्द ‘प’खाली शोधायचा असतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा. आफ्रिका खंडाच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागांत या कुळातील पाचशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. झुलू, शोना, किकुयू, लुगांडा या स्वाहिलीच्या बहिणी; मोरोगोरोच्या डोंगरातील लुगुरू हीदेखील तिची बहीणच. ‘न्तु’ म्हणजे माणूस आणि ‘बा’ हा अनेकवचनाचा उपसर्ग. म्हणून ‘बांटू’ म्हणजे माणसे. विल्हेल्म ब्लेक या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात हे नाव रूढ केले. स्वाहिलीत तोच शब्द ‘म्तु’ म्हणजे एक माणूस आणि ‘वातु’ म्हणजे अनेक माणसे, असा येतो. शेकडो वर्षांच्या व्यापारामुळे या भाषेत अरबी शब्द विपुल आले. ‘हाबारी’, ‘दावा’, ‘हेसाबु’ हे शब्द ऐकताना मराठी कानाला खबर, दवा, हिशेब ओळखू येतात. आपल्या देशातून ‘गारी’, ‘चापाती’ आणि ‘लाकी’ गेले. नात्यांचे शब्द मात्र मोठी गंमत करतात. ‘बाबा’ म्हणजे बाबाच. पण ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि ‘दादा’ म्हणजे बहीण! शब्द असे चहूकडून आले, तरी क्रियापदाचा सांगाडा बांटूच राहिला. आमची सारी अडचण त्या सांगाड्याची होती.

आपण शाळेत धातू आणि प्रत्यय शिकतो. ‘कर’ हा धातू. करतो, करशील, केले, करवले. मराठी क्रियापदाची सारी वाढ शेवटाकडे होते. स्वाहिली क्रियापद दोन्ही बाजूंनी वाढते. धातू मध्ये बसतो. कोणी, केव्हा, कोणाला ही माहिती त्याच्या आधी येते. आणि कोणासाठी, कोणाकडून, एकमेकांना की उलट, ही माहिती त्याच्या नंतर. म्हणून कोशात शोधायचा तो मधला दाणा. पुढची-मागची टरफले काढल्यावाचून तो हाती लागत नाही.

हे ज्ञान आम्हांला दिले ते त्याच शेजारणीने. ती प्राथमिक शाळेत शिकवीत असे. तिची मातृभाषा लुगुरू. स्वाहिली ती शाळेत शिकलेली, म्हणून तिला ती शिकवता येत असावी. दुपारची शाळा सुटली की ती आंब्याखाली चटई टाकून बसे आणि मांडीवर ‘उंगो’ घेई. उंगो म्हणजे धान्य पाखडण्याची गोल, उथळ पाटी. आमच्या सुपासारखी ती तीन बाजूंनी बांधलेली नसते, पण काम तेच. म्हणून आम्ही तिला सूपच म्हणत असू. मनातला राग गिळून आम्ही शिकायला बसलो, कारण बाजारात मीठ मागायचे तरी भाषा हवी होती.

तिची पद्धत अशी. मक्याचा दाणा म्हणजे धातू. त्याच्या डावीकडे शेंगदाणा म्हणजे कर्ता. शेंगदाणा आणि मका यांच्यामध्ये चवळीचा दाणा म्हणजे काळ. ‘पिका’ म्हणजे शिजवणे. ‘नि’ म्हणजे मी. ‘निनापिका’, मी शिजवीत आहे. चवळी बदलली की काळ बदले. ‘निलिपिका’, मी शिजवले. ‘नितापिका’, मी शिजवीन. ‘निमेपिका’, माझे शिजवून झाले आहे. शेंगदाणा बदलला की माणूस बदले. ‘उ’ म्हणजे तू, ‘आ’ म्हणजे तो किंवा ती, ‘तु’ म्हणजे आम्ही, ‘म्’ म्हणजे तुम्ही, ‘वा’ म्हणजे ते.

‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच ‘आ’ आहे, हे कळल्यावर आम्हांला नवल वाटले. मराठीत तो आला, ती आली, ते आले. पण म्वालिमुने त्यांच्याही भाषेत नाम क्रियापदाला कसे बांधून ठेवते ते दाखवले. मूल पडले तर ‘आमेआंगुका’, झाड पडले तर ‘उमेआंगुका’, दगड पडला तर ‘लिमेआंगुका’. दगड पडला, फांदी पडली, फळ पडले, ही आपली रीत आठवली आणि परकेपणा आणखी थोडा ओसरला. आपल्याकडे शब्दांची विभागणी स्त्री, पुरुष, नपुंसक अशी आहे. त्यांच्याकडे माणसे, झाडे, फळे, वस्तू अशी अनेक वर्गांची. आपली खूण शेपटाला, त्यांची शिराला.

एकदा आम्ही तिला विचारले, “मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. तुमच्या ‘तु’मध्ये हे कसे ओळखायचे?” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आम्ही नाही ओळखत. आत आहोत की बाहेर, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.” आम्ही हे वहीत लिहून घेतले. व्याकरणाची एक उणीव म्हणून लिहून घेतले.

मग मक्याच्या उजवीकडील दाणे आले. त्यासाठी ती तांदूळ वापरी. ‘पिका’ म्हणजे शिजवणे, ‘पिकिया’ म्हणजे कोणासाठी तरी शिजवणे. ‘पिक्वा’ म्हणजे शिजवले जाणे, ‘पिकिशा’ म्हणजे शिजवायला लावणे. ‘सोमा’ म्हणजे वाचणे आणि ‘सोमेका’ म्हणजे वाचता येण्याजोगे असणे. ‘वाचवत नाही’, ‘बघवत नाही’ या आपल्या प्रयोगांच्या अगदी जवळचे. ‘फुंगा’ म्हणजे बंद करणे. त्यात एक ‘उ’ घातला की ‘फुंगुआ’, उघडणे. म्हणजे बंद करण्याच्या उलट. स्वरांचेही नियम आहेत. धातूत ‘ए’ किंवा ‘ओ’ असेल, तर ‘साठी’चा प्रत्यय ‘इ’ न राहता ‘ए’ होतो. ‘पिका’चे ‘पिकिया’, पण ‘सोमा’चे ‘सोमेया’. एखाद्या हिशेबाच्या वहीसारखी ही भाषा नेमकी आहे. आमच्यातील हिशेबनीस तर तिच्या प्रेमातच पडला.

नकाराची खूण म्हणजे कोळशाचा बारीक तुकडा. तो सर्वांत डावीकडे, अगदी दारात. ‘हा’ हा उपसर्ग लागला की सारे क्रियापद नकारी होते. ‘मी’पुरता मात्र तो ‘सि’ होतो. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो. “आम्हांला मूल” एवढे ऐकेपर्यंत ऐकणाऱ्याचा चेहरा उजळलेला असतो आणि “नाही” ऐकून तो पडतो. स्वाहिलीत नकार आधीच कळतो. मात्र तो कोणत्या जातीचा, हे पुढच्या चवळीवर अवलंबून. ‘हाकुजा’ म्हणजे तो आला नाही. ‘हाताकुजा’ म्हणजे तो येणार नाही. आणि ‘हाजाजा’ म्हणजे तो अजून आला नाही.

या ‘हाजाजा’त दोन ‘जा’ आहेत. शेवटचा ‘जा’ हा धातू, आणि त्याचा अर्थ ‘येणे’! आपण ‘जा’ म्हणून माणसाला घालवतो. ते ‘जा’ म्हणतात ते येण्याला. मधला ‘जा’ हा काळाचा दाणा आहे आणि त्याचा अर्थ ‘अजूनपर्यंत नाही’. मराठीत हे सांगायला ‘अजून’ हा वेगळा शब्द लागतो. विसरला, गाळला, तरी वाक्य उभे राहते. स्वाहिलीत तो क्रियापदाच्या पोटातच आहे. झाले नाही, एवढेच म्हणायचे असेल, तर ‘हातुकुपाता’, आम्हांला मिळाले नाही. आणि ‘हातुजापाता’ म्हणजे आम्हांला अजून मिळालेले नाही. ‘पाता’ म्हणजे मिळणे. हाच तो पहिल्या दिवशीचा शब्द.

तेथील लोक मूल, लग्न, घर अशा गोष्टींविषयी साधा नकार सहसा देत नाहीत. ‘बादो’, म्हणजे अजून नाही, असे म्हणतात. सत्तरी उलटलेला एक माळी आम्हांला हसत ‘सिजाओआ’ म्हणाला होता. मी अजून लग्न केलेले नाही! त्यावर आम्हीही हसलो होतो. आमच्या बाबतीत मात्र हसू येत नसे. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, अशी आपली म्हण आहे. आम्ही सुपासमोर बसूनही जात्यातलेच होतो.

१९९० सालच्या जुलैमध्ये आम्ही दार-एस-सलामच्या एका रुग्णालयात तपासण्या करून घेतल्या. तेथील डॉक्टरांनी शांतपणे, आडपडदा न ठेवता सांगितले की, आशा बाळगण्यात अर्थ नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घराशी उतरलो, तेव्हा म्वालिमु आंब्याखाली तांदूळ निवडीत बसली होती. “हाबारी?” तिने विचारले.

“हातुतापाता,” आम्ही म्हणालो. आम्हांला मिळणार नाही. दारात ‘हा’, मग ‘तु’, मग भविष्यकाळाचा ‘ता’, मग धातू. एकही चूक न करता बोललेले आमचे ते पहिले मोठे वाक्य असावे.

तिने चटईवरून कोळशाचा तुकडा उचलून सुपात ठेवला. शेजारी शेंगदाणा ठेवला. मग चवळीचा दाणा ठेवता ठेवता, पहिल्या दिवशीच्याच स्वरात, हळू म्हणाली, “हातुजापाता.”

आमच्यापैकी एकाच्या हाताने ते सूप उडवले. हात कोणाचा, हे सांगण्यात हशील नाही. ‘आम्ही’ एवढे पुरे. तिचे दोन शेर तांदूळ ओल्या मातीत सांडले. कोंबड्या धावल्या. आम्ही आत गेलो आणि कडी लावली. खिडकीच्या फटीतून दिसत होते, ती बराच वेळ एकेक दाणा वेचीत होती.

त्यानंतर सात महिने आमचे बोलणे बंद होते. त्या देशात वडील माणसाला ‘शिकामो’ म्हणून वंदन केल्याशिवाय पुढे जाणे असभ्यपणाचे. कुंपणापलीकडून आम्ही ‘शिकामो’ म्हणत असू, ती ‘माराहाबा’ म्हणे, आणि तेवढ्यावर संपे. रविवारी मिस्सेला ती पुढच्या बाकावर, आम्ही मागच्या. शिकण्याच्या वह्या आम्ही ट्रंकेत टाकल्या. बाजारापुरती भाषा येत होती. त्याहून अधिक हवी कशाला, असे आम्ही एकमेकांना सांगत असू.

१९९१ सालच्या फेब्रुवारीत आम्हां दोघांना एकाच आठवड्यात मलेरिया झाला. गिरणीतून औषध आले. पण उठून चूल पेटवण्याचे त्राण कोणातच नव्हते. तिसऱ्या दिवशी बाहेरून आवाज आला, “होदी!” दारात आलेल्या माणसाने आत येऊ का, असे विचारण्याचा तो शब्द. आमच्याने उत्तर देववेना. मग ती म्हणाली, “निफुंगुलियेनि.”

तापात माणसाचे मन काय करील, सांगता येत नाही. आमच्या मनाने तो शब्द सोलायला घेतला. पहिला ‘नि’ म्हणजे मला. ‘फुंग’ म्हणजे बंद करणे. ‘उल’ म्हणजे त्याच्या उलट. ‘इ’ म्हणजे कोणासाठी. ‘ए’ ही विनंतीची खूण. शेवटचा ‘नि’ म्हणजे तुम्ही एकाहून अधिक. जे बंद केले आहे, त्याच्या उलट माझ्यासाठी करा, तुम्ही दोघे. एवढे सारे एका शब्दात, आणि त्या शब्दात ‘दार’ कोठेच नव्हते.

भिंतीला धरून आम्ही कडी काढली. तिच्या हातात झाकलेले भांडे होते. “निमेवापिकिया उजी,” ती म्हणाली. उजी म्हणजे पिठाची पेज. पेज शिजवली आहे, एवढे सांगायला ‘निमेपिका’ पुरले असते. तिने मध्ये ‘वा’ घातला होता, म्हणजे तुम्हांला. शेवटी ‘इ’ घातला होता, म्हणजे साठी. तिच्या क्रियापदात आम्हांला दोन ठिकाणी जागा होती.

पेज पिऊन झाल्यावर क्षमा मागायची, हे आम्ही डोळ्यांनीच ठरवले. शब्द शोधावा लागला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत तो दर रविवारी ऐकत होतो. “उतुसामेहे,” आम्ही म्हणालो. ‘उ’ म्हणजे तू, ‘तु’ म्हणजे आम्हांला, ‘सामेहे’ म्हणजे क्षमा करणे.

तिने मान हलवली. आणि पुन्हा आमचे वाक्य दुरुस्त केले! “तुसामेहेआने.” या वेळी मात्र आम्ही रागावलो नाही. यातला ‘आन’ ती आम्हांला पूर्वी शिकवून चुकली होती. ‘पेंदा’ म्हणजे प्रेम करणे, ‘पेंदाना’ म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे. ‘साइदिया’ म्हणजे मदत करणे, ‘साइदियाना’ म्हणजे एकमेकांना मदत करणे. ‘तुसामेहेआने’ म्हणजे एकमेकांना क्षमा करू या.

“तुम्ही काय केले आहे, म्वालिमु, की आम्ही क्षमा करावी?” आम्ही विचारले.

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, “पहिल्या दिवशी मी ‘हातुजापाता’ म्हणाले. मी तुमचे वाक्य सुधारते आहे, असे तुम्हांला वाटले. मी ते तसेच वाटू दिले. त्या वेळी मी माझेही सांगत होते.”

आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. तीन वर्षे शेजारी राहून आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. वाडीतील प्रत्येक बाईला कोणाची ना कोणाची आई म्हणून हाक मारीत. हिला मात्र सारे ‘म्वालिमु’ म्हणत. त्यात वावगे काही दिसत नव्हते. शिक्षिका होती, आणि १९८५ साली राष्ट्राध्यक्षपद सोडलेल्या ज्युलियस न्येरेरे यांनाही अख्खा देश ‘म्वालिमु’च म्हणे, कारण तेही मूळचे शिक्षक. त्या मानाच्या हाकेआड दुसऱ्या हाकेचा अभाव होता, हे आम्हांला दिसले नाही. ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. नवरा रेल्वेत होता, तो वारून बरीच वर्षे झाली होती. मूल झाले नव्हते. अजून झाले नव्हते, असे तिच्या भाषेत म्हणायला हवे.

तिने ‘हामजापाता’, तुम्हांला अजून मिळाले नाही, असे म्हटले नव्हते. ती ‘हातुजापाता’ म्हणाली होती. तो ‘तु’ आम्ही ‘आम्ही’ म्हणून ऐकला. आमच्याच तोंडात घातलेला आमचाच शब्द म्हणून. तो ‘आपण’ होता. दोन वेगळे शब्द असलेल्या भाषेत वाढलेल्या आम्हांला त्यातला योग्य तो निवडायला तीन वर्षे लागली.

“पण म्वालिमु,” आमच्यापैकी एक धीर करून म्हणाली, “आता तरी तुम्ही ‘जा’ का म्हणता?”

“‘ता’ कसा म्हणू?” ती म्हणाली. “उद्याचे मला काय माहीत? आजपर्यंतचे मला माहीत आहे. ‘जा’ तेवढेच सांगतो.” आम्ही तो दाणा आशेचा समजत होतो आणि म्हणून आम्हांला तो क्रूर वाटत होता. तिच्या लेखी तो सत्याचा दाणा होता. जेवढे ठाऊक, तेवढेच बोलणारा.

त्यानंतर आम्ही आणखी पाच वर्षे तेथे राहिलो. दुपारच्या चटईवर हळूहळू वाडीतील मुलेही येऊन बसू लागली. आम्ही त्यांना गणित शिकवीत असू, आणि ती आमच्या स्वाहिलीच्या चुका काढून दाखवीत. आम्हांला मूल झाले नाही. १९९६ साली परत निघालो, तेव्हा ती बसथांब्यावर आली होती. निघताना तुमच्या भाषेत काय म्हणतात, असे तिने विचारले. आम्ही सांगितले, “आम्ही जाताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो.” ती मनापासून हसली. “म्हणजे तुमच्याकडेही ‘जा’ आहे,” ती म्हणाली. ‘जा’ म्हणजे येणे, हे ध्यानात यायला आम्हांला चालिंझेपर्यंतचा रस्ता लागला.

वसईला आल्यावर मावश्या आणि आत्या थकल्या होत्या, पण प्रश्न थकला नव्हता. आता तो आम्हांला कोणी विचारीत नसे. आमच्यासमोर नव्या सुनांना विचारीत. अशा वेळी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही विषय बदलतो. एकदा, धर्मग्रामातील एका लग्नात, बदलता आला नाही. त्या मुलीने खालमानेने “नाही” म्हटले. तिच्या शेजारी बसून आम्ही म्हणालो, “अजून नाही. आपल्याला अजून नाही.” तिने चमकून वर पाहिले. आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. मग तिला काय कळायचे ते कळले असावे, कारण तिने आमचा हात लवकर सोडला नाही.

म्वालिमुची पत्रे दर नाताळला येत. निळ्या शाईत, शाळेच्या वळणदार अक्षरांत. शेवटचे पत्र २००९ सालचे. दोन वर्षांनी तिच्या एका विद्यार्थ्याने ती गेल्याचे कळवले. अंत्यविधीला तिचे शेकडो विद्यार्थी होते, असे त्याने लिहिले होते. त्याच्या सहीखाली मात्र नाते लिहिलेले होते. ‘म्वाना’. म्हणजे अपत्य.

तिच्या त्या शेवटच्या पत्राच्या अखेरीस एकच शब्द होता. स्वयंपाकघरातले सूप काढून, त्यात दाणे मांडून आम्ही तो वाचला. दारात कोळशाचा तुकडा, ‘हा’. मग शेंगदाणा, ‘तु’. मग चवळी, ‘जा’. मग मक्याचा दाणा, ‘ओन’, म्हणजे पाहणे. मग तांदूळ, ‘आन’, म्हणजे एकमेकांना. आणि शेवटचा ‘आ’.

हातुजाओनाना. अजून एकमेकांची भेट झालेली नाही.

येथला ‘तु’ म्हणजे ‘आपण’. या वेळी तो आम्ही पहिल्याच वाचनात ओळखला.